शालिवाहन राजा खरंच होऊन गेला का? मातीच्या सैन्याची गोष्ट आणि नाशिकच्या लेण्यातला पुरावा

गुढीपाडवा आला की एक मेसेज फिरायला लागतो. पैठणच्या एका कुंभाराच्या पोराने मातीचे सैनिक केले, त्यांच्यावर पाणी शिंपडलं, सैनिक जिवंत झाले आणि त्या सैन्याने शकांचा धुव्वा उडवला. लोकांनी आनंदाने गुढ्या उभारल्या आणि त्या दिवसापासून शालिवाहन शक सुरू झाला. मेसेज वाचून आपण पुढे पाठवतो, श्रीखंड खातो आणि विषय संपतो.

पण दरवर्षी कोणीतरी खाली कमेंट टाकतंच, की हा शालिवाहन नेमका कोण? त्याचा काही पुरावा आहे का? आणि त्याने शकांना हरवलं, तर त्याच्या कालगणनेला शकांचंच नाव कसं?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. बरीचशी उत्तरं नाशिकच्या पांडवलेण्यांच्या भिंतीवर कोरलेली आहेत आणि काही जोगळटेंभी नावाच्या गावात चांदीच्या नाण्यांवर सापडली.

आधी गोष्ट काय आहे ते बघू

शालिवाहनाची जी गोष्ट आपण ऐकतो, तिचं एक सविस्तर जुनं रूप जैन आचार्य जिनप्रभसूरी यांच्या १४ व्या शतकातल्या ग्रंथात सापडतं. त्यात प्रतिष्ठान म्हणजे पैठणला एक ब्राह्मण स्त्री राहते. गोदावरीत पाणी भरायला गेलेली असताना नागराज शेषापासून तिला दिवस जातात. तिचा मुलगा कुंभाराच्या घरी वाढतो आणि मातीचे हत्ती, घोडे, सैनिक करून खेळतो. पुढे मोठं सैन्य चालून येतं, तेव्हा नागराजाच्या कृपेने ही मातीची फौज जिवंत होते.

इथे एक गंमत आहे. या जुन्या गोष्टीत चालून येणारा शत्रू शक नाहीच. तो आहे उज्जैनचा विक्रमादित्य. म्हणजे गोष्ट आहे ती उज्जैन विरुद्ध पैठण अशी. नर्मदेच्या उत्तरेला विक्रम संवत आणि दक्षिणेला शालिवाहन शक अशी वाटणी का झाली, तेही लोक याच भांडणावरून सांगतात.

त्याच्याही आधी, ११ व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला. त्यातला सातवाहन राजा अजून वेगळा. तो पराक्रमी आहे, पण त्याचं संस्कृत कच्चं आहे. जलक्रीडेत राणी त्याला संस्कृतात सांगते की पाणी उडवू नका. राजा शब्दाचा संधी चुकीचा फोडतो आणि थेट मोदक मागवतो. राणी हसते, राजाला लाज वाटते आणि तो व्याकरण शिकायला बसतो. मध्ययुगातल्या कोशकारांनी तर गाथासप्तशती हा प्राकृत कवितांचा संग्रह करणारा हाल राजा आणि सातवाहन हे एकच असं लिहून टाकलं.

थोडक्यात, एकाच नावाखाली नागाचा मुलगा, कुंभाराचा पोर, व्याकरणात अडखळणारा नवरा, कवी आणि शकांचा कर्दनकाळ अशी पाच माणसं कोंबलेली दिसतात.

मग या नावाचा राजा होता का?

शालिवाहन हे वैयक्तिक नाव असलेला राजा प्राचीन शिलालेखांत किंवा नाण्यांवर सापडत नाही. पण सातवाहन हे घराणं मात्र अगदी खरं. नाणेघाटातल्या लेण्यात या घराण्याच्या सुरुवातीच्या राजांचे पुतळे होते आणि त्यांची नावं आजही तिथे कोरलेली आहेत. नागनिका राणीचा मोठा लेखही तिथलाच.

सातवाहन या शब्दाचा प्राकृतात सालाहण असा उच्चार झाला. पुढे पंडितांनी त्याला परत संस्कृताचा पोशाख चढवला, तेव्हा त्यात साळी, म्हणजे भात, शिरला आणि शालिवाहन असं नाव तयार झालं. म्हणजे शालिवाहन हे मुळात आडनावासारखं, घराण्याचं नाव. आपण त्याला एका माणसाचं नाव समजून बसलो.

तर खरा प्रश्न असा, की या घराण्यातला शकांना हरवणारा राजा कोण? याचं उत्तर ठामपणे देता येतं. त्याचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी.

गौतमीपुत्राच्या आधी काय परिस्थिती होती?

सातवाहनांचं बस्तान दख्खनेत होतं. पैठण, जुन्नर, नाशिक, तेर ही मोठी ठाणी. घाटावरचा माल नाणेघाटातून उतरून कल्याणला जायचा आणि तिथून समुद्रमार्गे पार रोमन साम्राज्यापर्यंत. पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक खलाशाने पेरिप्लस नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत.

याच पुस्तकात एक महत्त्वाची नोंद आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर चालणारं बंदर होतं, पण लेखकाच्या काळात तिथे चुकून ग्रीक जहाज आलंच तर त्याला पहारा देऊन भडोचला नेलं जायचं. आणि भडोचच्या बाजूचा राजा म्हणून मंबानोस असं नाव येतं. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा मंबानोस म्हणजेच क्षहरात घराण्याचा क्षत्रप नहपान.

म्हणजे भांडण होतं ते बंदरांचं, घाटांचं आणि त्यावरून मिळणाऱ्या जकातीचं. नहपानाने ते जिंकलं होतं. नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा पट्टा त्याच्या ताब्यात गेला होता.

नहपानाचा जावई ऋषभदत्त इथला कारभार बघायचा. प्राकृत लेखांत त्याचं नाव उषवदात असं येतं. एका लेखात तो स्वतःला शक म्हणवतो. सिनेमात असतो तसा हा खलनायक मात्र नव्हता. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात त्याचे लेख आहेत. त्यात त्याने तापी, दमण, डहाणू इथल्या नद्यांवर लोकांना फुकट नावेची सोय केल्याची नोंद आहे. ब्राह्मणांना त्याने गायी दिल्या, बौद्ध भिक्खूंना लेणं दिलं. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळच्या गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर महिना १ टक्का आणि १००० वर पाऊण टक्का व्याज ठरलं होतं. त्या व्याजातून भिक्खूंच्या कपड्यांचा आणि इतर खर्च भागायचा. आजच्या भाषेत फिक्स्ड डिपॉझिटच.

अशा मुरलेल्या सत्तेशी गौतमीपुत्राची गाठ होती.

लढाईचा पुरावा कुठे सापडला?

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नाहीत, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची. एका बाजूला नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीतला मजकूर.

पण त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरून आणि मजकुरावरून तीन कमानींच्या टेकडीचं चिन्ह, उज्जैन चिन्ह म्हणून ओळखली जाणारी खूण आणि गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव.

याचा अर्थ अगदी सरळ आहे. नहपानाच्या चांदीवर नव्या राजाने आपला शिक्का मारला आणि तीच नाणी परत बाजारात सोडली. नाणी वितळवून नवीन पाडायला वेळ आणि पैसा लागतो, ठसा मारणं सोपं. शिवाय ज्याच्या हातात नाणं जाईल त्याला आपोआप कळतं की सत्ता बदलली. त्या काळात वर्तमानपत्र नव्हतं, पण नाणं गावोगाव फिरत होतं.

पोथीतली गोष्ट कोणी वाढवून सांगितली असं म्हणता येतं. पण पुरून ठेवलेल्या साठ्यातल्या ९ हजार नाण्यांबद्दल तसं म्हणता येत नाही. कोणत्या राजाने कोणत्या राजाला बाजूला केलं याचा इतका स्वच्छ पुरावा प्राचीन भारतात फार कमी वेळा मिळतो.

विजयानंतर राजाने पहिलं काय केलं?

पांडवलेण्यांतलं ३ नंबरचं लेणं प्रसिद्ध आहे. तिथे गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८ व्या वर्षातला एक हुकूम कोरलेला आहे. हुकूम विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला आणि गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याच्या नावाने काढलेला आहे.

त्यात मोठ्या बाता नाहीत. राजा आपल्या अधिकाऱ्याला एवढंच सांगतो, की पश्चिम काखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजवर ऋषभदत्ताकडे होतं, ते आता या डोंगरावरच्या भिक्खूंना द्यायचं. त्या शेतात सरकारी माणसांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, कोणी त्रास द्यायचा नाही.

ऋषभदत्ताचं नाव आलं आणि सगळं चित्र उभं राहिलं. काल शत्रूच्या जावयाकडे असलेली जमीन आज नवा राजा वाटतो आहे. त्याच १८ व्या वर्षी कार्ल्याच्या लेण्यातही त्याचा हुकूम आहे. मावळच्या अमात्याला सांगून तो करजक गाव तिथल्या भिक्खूंना देतो. हेच गाव आधी ऋषभदत्तानेही त्याच लेण्याला दिलं होतं. म्हणजे राजा बदलला तरी भिक्खूंचं उत्पन्न चालू राहिलं, फक्त आता ते कोणाच्या कृपेने चालू आहे हे बदललं. नाण्यांवर ठसा मारला तसाच हा दानावर मारलेला ठसा.

आणि सहा वर्षांनी काय झालं?

खरा राजा कसा होता हे बघायचं असेल, तर त्याच लेण्यातला २४ व्या वर्षाचा लेख वाचावा. एरवी शिलालेखांत फक्त विजय असतात. इथे चक्क सरकारी कामातली अडचण कोरून ठेवली आहे.

झालं असं, की काखडी गावात भिक्खूंना दिलेलं शेत कोणी कसतच नव्हतं. गावात वस्तीच राहिली नव्हती. लढाया होऊन गेलेल्या भागात गावं ओस पडणं नवीन नाही. शेत मिळालं, पण नांगर धरायला माणूस नाही, मग उत्पन्न कुठून येणार?

तेव्हा राजाने नवा हुकूम काढला. गोवर्धनचा अमात्य आता श्यामक होता. त्याला सांगितलं गेलं की नगराच्या सीमेवर आमच्या मालकीची जी राजजमीन आहे, त्यातली १०० निवर्तनं या भिक्खूंना द्या. आधीच्या निम्मी जमीन, पण कसदार वस्तीजवळची.

हा हुकूम एकट्या राजाचा नाही. तो राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावाने निघाला आहे आणि राजमातेचा मुलगा हयात आहे असं त्यात मुद्दाम नमूद केलं आहे. काही अभ्यासकांना वाटतं की राजा तेव्हा आजारी असावा आणि कारभार आईने हातात घेतला असावा. गौतमीपुत्राच्या राज्यवर्षांचा माग या २४ व्या वर्षाशीच थांबतो.

मातीच्या सैनिकांत जीव फुंकणारा राजा एकीकडे आणि ओस पडलेल्या गावाऐवजी दुसरी जमीन शोधून देणारा राजा दुसरीकडे. दुसरा राजा खरा आहे आणि जास्त ओळखीचाही वाटतो.

आईने लिहून ठेवलेलं चरित्र

गौतमीपुत्राबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्याच्या आईमुळे माहीत आहे. तिचं नाव गौतमी बलश्री.

नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने ३ नंबरचं लेणं भिक्खूंना दान दिलं. त्या दानाच्या लेखात तिने मुलाचं मोठं वर्णन कोरून घेतलं. तोवर मुलगा वारला होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेख प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत आहे. ती स्वतःची ओळख एका महाराजाची आई आणि दुसऱ्या महाराजाची आजी अशी करून देते.

मुलाबद्दल ती काय सांगते? त्याचा चेहरा पूर्ण चंद्रासारखा होता, चाल हत्तीसारखी होती. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं. त्याने शक, यवन आणि पल्हव यांना संपवलं, क्षहरात वंश मुळापासून उखडला आणि सातवाहन कुळाचं गेलेलं यश परत आणलं. असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर आणि अवंती इतक्या प्रदेशांची नावं ती मोजते. आजच्या हिशेबाने यात महाराष्ट्राचा बराच भाग, कोकण, सौराष्ट्र आणि माळवा येतो.

मग ती राज्यकारभाराकडे वळते. त्याने न्यायाला सोडून कर घेतला नाही. प्रजेच्या सुखात आणि दुःखात तो सारखाच सामील होता. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला तो नाखूश असायचा. त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली, असंही ती अभिमानाने नोंदवते. आणि या सगळ्या पराक्रमांच्या यादीत तिने आणखी एक गोष्ट घालून ठेवली आहे, की तो आईची सेवा कधी चुकला नाही.

ही प्रशस्ती आहे, हे विसरून चालणार नाही. आई मुलाबद्दल आणि राजघराणं स्वतःबद्दल लिहितं तेव्हा हात सैल सुटतोच. तीन समुद्रांचं पाणी हा मोठेपणा सांगायचा रिवाज आहे. पण क्षहरातांना उखडल्याचं वाक्य जोगळटेंभीच्या नाण्यांशी तंतोतंत जुळतं. भिंत आणि नाणं, दोन वेगळ्या ठिकाणचे साक्षीदार एकच साक्ष देतात. म्हणून त्या ओळीवर विश्वास ठेवता येतो.

नाशिकचे हे लेख वाचण्याचं आणि समजून घेण्याचं काम भगवानलाल इंद्रजी, रा. गो. भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांनी १९ व्या शतकात केलं. पुढे वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख एकत्र आणून मराठीत त्यांचा इतिहास लिहिला.

मग शक कायमचे संपले का?

नाही. मेसेजमध्ये हा भाग नेहमी गाळलेला असतो.

क्षहरात घराणं संपलं, पण शकांचं दुसरं घराणं, कार्दमक, उज्जैनला उभं राहिलं. त्याचा संस्थापक चष्टन. चष्टनाचा नातू रुद्रदामन याचा मोठा लेख गिरनारच्या पायथ्याशी आहे, इसवी सन १५० चा. त्यात रुद्रदामन सांगतो की त्याने दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे सोडून दिलं. रुद्रदामन आपल्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी देतो, त्यात आकर-अवंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त ही नावं आहेत. बलश्रीच्या यादीतली नावं आठवा. बरीचशी तीच आहेत.

म्हणजे मुलाने जिंकलेलं पुढच्या काही दशकांत पुष्कळसं हातचं गेलं.

आणि ते जवळचं नातं कोणतं? कान्हेरीच्या एका लेखात याचा धागा मिळतो. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याची नोंद आहे. त्या महाक्षत्रपाच्या नावाचं पहिलंच अक्षर वाचता येतं, ते रु. अभ्यासक त्याला रुद्रदामन मानतात. वर्णांची सरमिसळ थांबवल्याचा अभिमान ज्या घराण्याने भिंतीवर कोरला, त्याच घराण्यात पुढे शकांची लेक सून म्हणून आली. लढाई आणि सोयरीक, दोन्ही झालं.

आता मुख्य प्रश्न: शक सुरू कोणी केला?

शालिवाहन शकाची सुरुवात इसवी सन ७८ ची. ती गौतमीपुत्राने केली नाही, हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं.

कारण साधं आहे. सातवाहन राजे अशी सलग कालगणना वापरतच नव्हते. त्यांच्या लेखांत राजाच्या राज्याचं १८ वं वर्ष, २४ वं वर्ष, १९ वं वर्ष असंच येतं. नवा राजा आला की मोजणी परत १ पासून. गौतमीपुत्राने स्वतःचा शक सुरू केला असता, तर त्याच्या मुलाने आपल्या लेखात तो वापरला नसता का?

याउलट चष्टनाच्या घराण्याने ही कालगणना पिढ्यानपिढ्या वापरली. कच्छमधल्या अंधौ गावात चष्टनाच्या काळातले लेख सापडले, त्यातला एक ११ व्या वर्षाचा आहे, म्हणजे इसवी सन ८९ चा. रुद्रदामनाचा गिरनारचा लेखही याच मोजणीत ७२ व्या वर्षाचा. शकांची कालगणना शकांनी वापरली, म्हणून ती शक. पूर्वी अनेक जण तिचं श्रेय कुषाण सम्राट कनिष्काला द्यायचे. आता बऱ्याच अभ्यासकांचा कल कनिष्काला दुसऱ्या शतकात ठेवून ही कालगणना चष्टनाच्या घराण्याशी जोडण्याकडे आहे.

मग शालिवाहनाचं नाव चिकटलं कसं?

हे तीन टप्प्यांत झालेलं दिसतं.

पहिला टप्पा बदामीचा. तिथल्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा लेख आहे, इसवी सन ५७८ चा. शक राजाच्या राज्याभिषेकाला ५०० वर्षं झाली असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे सहाव्या शतकात लोकांना माहीत होतं की ही मोजणी शक राजाच्या अभिषेकापासूनची आहे.

दुसरा टप्पा अल्बेरुनीचा. ११ व्या शतकात तो भारताबद्दल लिहितो तेव्हा गोष्ट उलटी झालेली असते. त्याला सांगितलं जातं की एका जुलमी शक राजाला विक्रमादित्याने मारलं आणि तिथून ही गणना सुरू झाली. अभिषेकाची आठवण पुसली आणि तिच्या जागी वध आला.

तिसरा टप्पा १३ व्या शतकाचा. दक्षिणेत याच कालगणनेला शालिवाहनाचं नाव लागू लागतं. तोपर्यंत शक म्हणजे एक जमात हे लोक विसरले होते. शक या शब्दाचा अर्थच कालगणना असा झाला होता. मराठीत आजही शककर्ता म्हणजे स्वतःची कालगणना सुरू करणारा राजा. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू केला, तेव्हा शक हा शब्द याच अर्थाने आला. मग शक कोणाचा, असा प्रश्न पडल्यावर दक्षिणेतल्या लोकांनी आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला राजा पुढे केला. उत्तरेच्या संवताला विक्रम मिळाला होता, दक्षिणेच्या शकाला शालिवाहन मिळाला.

यात कोणी बसून खोटं रचलं नाही. शब्दाचा अर्थ बदलला आणि रिकाम्या जागी ओळखीचं नाव जाऊन बसलं.

तारखांचा एक पेच अजून बाकी आहे

गौतमीपुत्राचा काळ कोणता यावर अभ्यासकांचे दोन गट आहेत.

नहपानाच्या काळातले लेख ४१ ते ४६ या वर्षांचे आहेत. जुन्या मताप्रमाणे ही वर्षं शक गणनेतली. मग ४६ वं वर्ष म्हणजे इसवी सन १२४. त्याच सुमारास गौतमीपुत्राचं १८ वं वर्ष, म्हणजे तो साधारण १०६ साली गादीवर आला. या हिशेबाने शक सुरू झाला तेव्हा त्याला राज्यावर यायला अजून जवळपास २८ वर्षं होती.

दुसरं मत काही नाणेतज्ज्ञांचं. ते म्हणतात की ४६ हे नहपानाच्या स्वतःच्या राज्याचं वर्ष असावं. पेरिप्लसमधला मंबानोस पहिल्या शतकाच्या मध्याचा आहे. शिवाय इसवी सन ८९ ला चष्टन सत्तेवर दिसतो, मग नहपान त्याच्या आधीच संपलेला असणार. असं धरलं तर गौतमीपुत्र पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात येतो आणि नहपानाचा पराभव इसवी सन ७८ च्या आसपास जाऊन बसतो.

हे दुसरं मत खरं ठरलं तर मजाच आहे. एक शक घराणं नाशिककडे बुडालं आणि त्याच सुमारास दुसऱ्या शक घराण्याने नवी मोजणी सुरू केली, असं चित्र तयार होतं. म्हणजे कालगणना शकांची, पण ती ज्या उलथापालथीत जन्मली तिच्या मागे गौतमीपुत्राचा विजय. मग लोककथेने माणूस आणि काळ बरोबर धरला, फक्त मालक बदलला, असं म्हणावं लागेल.

राजा नेमका कोणाचा?

२०१७ साली गौतमीपुत्र सातकर्णी नावाचा तेलुगू सिनेमा आला. नंदमुरी बालकृष्ण मुख्य भूमिकेत होते. तेव्हापासून हा राजा तेलुगू की मराठी, यावर सोशल मीडियावर अधूनमधून जुंपते. पुराणं या राजांना आंध्र म्हणतात, तर त्यांच्या स्वतःच्या लेखांत सातवाहन हे नाव येतं. त्यांच्या सुरुवातीचे लेख नाणेघाट आणि नाशिकला आहेत, तर नंतरच्या राजांचा मोठा पसारा कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात दिसतो. त्यांच्या लेखांची भाषा मात्र प्राकृत. मराठी आणि तेलुगू राज्यांच्या सीमा तेव्हा नव्हत्याच, त्यामुळे हे भांडण त्या राजाला समजावून सांगणंही अवघड गेलं असतं.

भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून शक गणनेवर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. ती मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवली होती. तिच्या नावात नुसता शक आहे, शालिवाहन नाही. पंचांगात आणि लग्नपत्रिकेत मात्र आपण अजूनही शालिवाहन शके असंच छापतो.

तर पुढच्या पाडव्याला मेसेज आला की काय सांगायचं? शालिवाहन हे घराण्याच्या नावाचं बदललेलं रूप आहे. त्या घराण्यात गौतमीपुत्र सातकर्णी नावाचा राजा खरोखर होऊन गेला आणि त्याने नहपानाचं राज्य खरोखर मोडलं. कालगणना मात्र त्याची नाही. मातीच्या सैन्याचा कुठे पुरावा नाही, पण चांदीच्या ९ हजार नाण्यांचा आहे. आणि तेवढ्यावर समाधान झालं नाही, तर नाशिकला मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा पांडवलेण्यांचा डोंगर चढून ३ नंबरच्या लेण्यात जा. एका आईने आपल्या मुलाबद्दल कोरून घेतलेलं अजून भिंतीवर आहे.